बॉटल भरलेली, तरी गाडी तापते: जुन्या गाडीचं दुखणं शोधताना

आमची मारुती ८०० ही २००५ ची. बाबांनी घेतली, आता मी चालवते. तीन उन्हाळे ती तापत होती. दर वेळी गॅरेजमध्ये एखादा भाग बदलला जायचा, दहा-पंधरा दिवस बरे जायचे, आणि मग सिंहगड रोडच्या गर्दीत किंवा सासवडला जाताना बोपदेव घाटात तापमानाचा काटा पुन्हा वर. आधी फॅनची मोटर बदलली. मग थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी पुरेसं तापलं की उघडून त्याला रेडिएटरकडे जाऊ देणारी झडप. मग पाणी फिरवणारा वॉटर पंप. तिन्ही नवे, दुखणं तेच. शेवटी दोष सापडला तो रेडिएटरच्या, म्हणजे इंजिनचं पाणी गार करणाऱ्या जाळीच्या, झाकणात, आणि ते झाकण बदलल्यावर त्याच्यामागे लपलेला दुसरा दोष दिसला.

वाया गेलेल्या पैशांपेक्षा मला जास्त लागलं ते हे, की खूण पहिल्या दिवसापासून समोर होती आणि आम्ही कुणी तिकडे बघितलंच नाही. पुण्यात अजून खूप घरांत जुनी ८००, झेन, सँट्रो, इंडिका आहे, आणि एप्रिल-मे आला की त्यातल्या कितीतरी रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभ्या दिसतात. त्या गाड्यांच्या मालकांसाठी हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

आत्ता रस्त्यात तापली असेल तर

काटा नेहमीपेक्षा वर जातोय पण लाल पट्टीला लागलेला नाही, अशा वेळी एसी लगेच बंद करा, खिडक्या उघडा, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर पूर्ण जोरात लावा. मे महिन्यात हे अघोरी वाटतं, पण हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच असतो. इंजिनची उष्णता तो केबिनमध्ये ओढून घेतो आणि तेवढा भार हलका होतो. गर्दीत अडकला असाल तर गाडी न्यूट्रलला घेऊन हलकी रेस द्या, म्हणजे पंप पाणी जरा जोरात फिरवेल.

काटा लाल पट्टीत गेला, वाफ दिसली किंवा गोडसर जळका वास आला तर मात्र पुढचा चौक गाठायचा मोह सोडा. कडेला घ्या आणि इंजिन बंद करा. ‘एवढा घाट संपू दे, मग थांबू’ या विचारानेच हेड, म्हणजे इंजिनचा सिलेंडरांवर बसणारा वरचा भाग, वाकतं.

त्यानंतर अर्धा-पाऊण तास रेडिएटरच्या झाकणाला हात लावायचा नाही. हे मी जीव तोडून सांगते आहे, कारण आमच्या ओळखीतल्या एका मुलाचा हात आणि मान यात भाजली. झाकण लागलेलं असताना आतलं पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, कारण ते दाबाखाली असतं. झाकण उघडताच दाब जातो आणि उकळतं पाणी आणि वाफ एका क्षणात उसळून वर येतात. इंजिन आणि रेडिएटर जोडणारा वरचा जाड रबरी होज पाइप फडक्याने दाबून बघा. तो टणक असेल तर आत दाब आहे, अजून थांबा. मऊ पडला की जाड ओलं फडकं टाकून झाकण आधी थोडंसंच फिरवा, सुस्कारा पूर्ण निघून जाऊ द्या, आणि मग काढा. तापलेल्या इंजिनात थंड पाणी एकदम ओतू नका. हेड ॲल्युमिनियमचं असतं, त्याला तडा जाऊ शकतो. गाडी निवल्यावर इंजिन चालू ठेवून हळूहळू भरा.

कधी तापते, ते आधी लिहून काढा

गॅरेजमध्ये आपण सांगतो, ‘गाडी तापते.’ डॉक्टरकडे जाऊन ‘बरं वाटत नाही’ म्हणण्यासारखं आहे हे. समोरचा माणूस मग त्याच्या अनुभवात सगळ्यात जास्त वेळा बिघडलेला भाग आधी बदलतो. त्याचं फार चुकतं असंही नाही, कारण आपण त्याला दुसरं काही सांगितलेलंच नसतं.

म्हणून आठवडाभर एक छोटी वही गाडीत ठेवा. काटा वर गेला की वेळ, जागा, एसी चालू होता की बंद, गाडी उभी होती की चालत होती, एवढं लिहा. शोधाचं अर्धं काम या वहीतच होतं.

गर्दीत, सिग्नलला उभी असताना तापते आणि मोकळ्या रस्त्याला लागली की काटा खाली येतो, असं असेल तर पाणी नीट फिरतंय, हवा कमी पडतेय. म्हणजे फॅन, फॅनचा स्विच, रिले, फ्यूज, किंवा जाळीत अडकलेली धूळ. चालत्या गाडीत रेडिएटरला वारा आपोआप मिळतो, म्हणून हा दोष फक्त गर्दीत दिसतो.

उलट गर्दीत ठीक आणि घाटात किंवा हायवेला ऐंशीच्या पुढे तापते, तर हवा भरपूर आहे, पाणी पुरेसं फिरत नाही किंवा गार होत नाही. आतून बुजलेला रेडिएटर, अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट, झिजलेल्या पात्यांचा पंप, घसरणारा पट्टा, किंवा चोखून चपटा होणारा खालचा होज. कात्रजचा जुना घाट, बोपदेव, दिवे घाट, साताऱ्याकडे जाताना खंबाटकी, हे सगळे या दोषाची परीक्षा घेतात.

सकाळी गार गाडी चालू केली आणि पाच-सात मिनिटांतच काटा वर, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय किंवा हेड गॅसकेट, म्हणजे हेडखालचं पॅकिंग, गेलंय. आणि कुठेही, कधीही तापते, शिवाय पाणी कमी होत राहतं, तर आधी पाणी जातंय कुठे ते शोधा. बाकी सगळं नंतर.

आमच्या वहीत जे लिहिलं गेलं ते यातल्या कुठल्याच खान्यात बसत नव्हतं. पाणी भरल्यावर पहिला आठवडा गर्दीतही ठीक आणि घाटातही जवळजवळ ठीक. दुसऱ्या आठवड्यात घाटात तापायची. तिसऱ्या आठवड्यात साध्या रस्त्यावर. म्हणजे दोष वाढत जायचा आणि गॅरेजमध्ये जाऊन आलं की पुन्हा शून्यावर यायचा. गॅरेजवाले कुठलाही भाग बदलताना रेडिएटर रिकामा करून नव्याने भरायचे, बरं वाटायचं ते त्या भरण्यामुळे, नव्या भागामुळे नव्हे. हे कळायला मला दोन वर्षं लागली.

बॉटल खोटं बोलते

या प्रकारच्या जुन्या गाड्यांत रेडिएटरला स्वतःचं झाकण असतं आणि शेजारी प्लास्टिकची बॉटल असते. पाणी तापलं की फुगतं. दाब ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की झाकणातली स्प्रिंग दबते आणि जास्तीचं पाणी बारीक नळीतून बॉटलमध्ये जातं. गाडी गार झाली की आतलं पाणी आकसतं, पोकळी तयार होते, आणि झाकणाच्या मध्यभागी असलेला एक नाण्याएवढा छोटा व्हॉल्व्ह उघडून तेच पाणी बॉटलमधून परत रेडिएटरमध्ये ओढलं जातं. जायला एक दार, यायला दुसरं दार, दोन्ही एकाच झाकणात.

आमच्या झाकणातलं यायचं दार क्षाराने चिकटलं होतं. रोज थोडं पाणी बॉटलमध्ये जायचं आणि परत यायचं नाही. त्याच्या जागी पाइपांच्या जोडांतून हवा शिरायची. रेडिएटर रोज थोडा रिकामा होत होता आणि बॉटल रोज थोडी भरत होती. मी दर रविवारी बॉनेट उघडून बॉटल बघायचे, पाणी खुणेच्या वर दिसायचं, आणि समाधानाने बॉनेट लावायचे. गॅरेजमध्येही तेच व्हायचं. ‘पाणी भरपूर आहे ताई, म्हणजे दुसरं काहीतरी आहे.’

खूण मिळाली ती एका पहाटे. जेजुरीला निघायचं होतं म्हणून ऑइल बघायला बॉनेट उघडलं, तर वरचा होज पाइप चपटा झालेला, कुणीतरी मुठीत धरून आवळावा तसा. रात्रभर गार होताना आत पोकळी झाली होती आणि व्हॉल्व्ह न उघडल्यामुळे ती पाइपावर निघाली होती. झाकण काढलं तर बाहेरची हवा आत शिरल्याचा स्पष्ट आवाज आला, पाइप जागच्या जागी फुगला, आणि रेडिएटरमध्ये बोट घातलं तर पाणी लागलंच नाही. बॉटल मात्र काठोकाठ.

म्हणून तापणाऱ्या जुन्या गाडीचं पहिलं काम हेच करा. रात्रभर गार झालेल्या गाडीचा वरचा होज बघा आणि मग रेडिएटरचं झाकण उघडून आतली पातळी बघा. पाणी मानेपर्यंत दिसलं पाहिजे. बॉटलवर विश्वास ठेवू नका. पाइप चपटा नसला तरी पातळी खाली असेल आणि बॉटल भरलेली असेल, तर बॉटलची बारीक नळी तपासा. ती कुठे चिरलेली असेल तर पाण्याऐवजी हवा ओढते. नळीचं टोक बॉटलच्या तळाजवळ, पाण्यात बुडलेलं असायला हवं. एकदा गॅरेजवाल्याने ती नळी नुसतीच वर खोचून ठेवलेली मी पाहिली आहे.

दाबाचा हिशेबही इथेच सांगते, कारण ‘झाकणाने काय होतंय’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे, त्यामुळे इथे उघड्या पातेल्यात पाणी साधारण ९८ अंशांना उकळतं. महाबळेश्वरला तर साडेपंच्याण्णवच्या आसपास. आमच्या झाकणावर ०.९ लिहिलेलं आहे, म्हणजे ते बाहेरच्या हवेपेक्षा साधारण ०.९ बार जास्त दाब धरतं. तेवढा दाब धरला तर तेच पाणी पुण्यात सुमारे ११७ अंशांपर्यंत उकळत नाही, आणि पाण्यात अर्धं कूलंट (पाण्याचा उत्कलनबिंदू वाढवणारं, गंज-क्षार रोखणारं द्रव) असेल तर आणखी आठ-दहा अंश वर. रबर कडक झालेलं झाकण दाब धरत नाही, आणि मग घाटात पाणी उकळून बॉटलमधून बाहेर फेकलं जातं. लोक म्हणतात ‘गाडी पाणी फेकते’ आणि इंजिन खोलायच्या गोष्टी सुरू होतात. आधी झाकण बदला. आमचं दोनशे रुपयांच्या आत आलं. झाकणावरचा आकडा गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याशी जुळवूनच घ्या, जास्त दाबाचं घेतलं तर जुना रेडिएटर किंवा पाइप फुटेल.

काट्याबद्दलही एक सांगायला हवं. तापमान मोजणारा सेन्सर पाण्यात बुडलेला असतो. पाणीच उरलं नाही तर तो हवेत लटकतो आणि काटा चक्क खाली येऊ शकतो. चढलेला काटा एकदम खाली आला, हीटर लावला तर गार वारा येतोय, आणि इंजिनचा आवाज जड झालाय, तर ती सुधारणा समजू नका. लगेच थांबा.

झाकण बदलल्यावर उरलेलं दुखणं

नवं झाकण लावल्यावर पातळी टिकली. महिनाभर पाणी कमी झालं नाही, गर्दीत काटा हलला नाही. पण बोपदेवच्या शेवटच्या वळणांवर, चौघे बसलेले आणि एसी चालू असेल तर, काटा अजूनही थोडा वर सरकायचा. आधी या दोन गोष्टी एकमेकांत मिसळल्या होत्या. आता उरलेला दोष स्वच्छ दिसू लागला. फक्त चढावर, फक्त भार असताना. म्हणजे पाण्याचा प्रवाह.

पंप आणि थर्मोस्टॅट नवे होते. पट्टा तपासला, दोन पुल्यांच्या मधोमध अंगठ्याने दाबून सुमारे सेंटिमीटरभर दबत होता, ठीक होता. खालचा होज रेस देताना आत ओढला जात नव्हता. राहिला रेडिएटर.

इन्फ्रारेड तापमापकाची बंदूक आता हजार रुपयांच्या आत मिळते, ती घेतली. इंजिन पूर्ण तापल्यावर रेडिएटरच्या जाळीवर ओळीने नेम धरत गेले. चांगल्या रेडिएटरमध्ये पाणी शिरतं त्या बाजूपासून निघतं त्या बाजूपर्यंत तापमान हळूहळू उतरत जातं. आमच्यात एक मोठा कोपरा एकदम गार लागला. तिथून पाणी जातच नव्हतं.

नाना पेठेत सुट्या भागांच्या दुकानांच्या आजूबाजूला रेडिएटरचं काम करणारे कारागीर बसतात. त्यातल्या एका वयस्कर चाचांकडे मी रेडिएटर घेऊन गेले. त्यांनी कुठलंही यंत्र न लावता त्यात पाणी भरलं, खालचं तोंड तळहाताने बंद केलं आणि एकदम सोडलं. म्हणाले, ‘ताई, बघा. चांगला असता तर भस्सकन रिकामा झाला असता. हा मुततोय.’ शब्द रांगडा होता, पण निदान अचूक होतं. मग त्यांनी विचारलं, ‘पाणी कुठलं भरता?’

आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येतो, एरवी बोअरचं पाणी मिसळतं. कूलंट संपलं की बाबा तेच पाणी भरायचे, आणि बाबांनंतर मीही. ते पाणी किती जड आहे हे गीझरची कॉइल आणि नळाच्या जाळीवरचा पांढरा थर रोज सांगत असतात. तोच थर रेडिएटरच्या चपट्या नळ्यांमध्ये बसला होता, आणि झाकणाचा व्हॉल्व्ह चिकटला तोही त्याच क्षाराने. दोन दोष, कारण एक.

बाबांनी कधीतरी बाजारातला तांब्याचा रेडिएटर बसवला होता, म्हणून तो वाचला. चाचांनी एका बाजूची टाकी सोल्डरचा डाग वितळवून उघडली, प्रत्येक नळीतून चपटी सळई घालून आतला दगडासारखा थर काढला, टाकी परत डाग देऊन बसवली आणि हौदात बुडवून हवा भरून गळती तपासली. दुपारभराचं काम. तुमचा रेडिएटर ॲल्युमिनियमचा आणि प्लास्टिकच्या टाकीचा असेल तर ही सळई मारता येत नाही. थर हलका असेल तर रसायनाने धुऊन बघता येतं, पण जास्त बुजला असेल तर नवा घेणंच शहाणपणाचं.

बाहेरून बुजणं वेगळं. एसीच्या गाडीत रेडिएटरच्या पुढे कंडेन्सर असतो आणि दोघांच्या मधल्या फटीत धूळ, किडे, झाडांचा कापूस यांची गादी बसते. पुढून बघितलं तर जाळी स्वच्छ दिसते. पाणी मारायचं ते इंजिनच्या बाजूने पुढे, साध्या नळाच्या जोराने. सर्व्हिसिंगच्या प्रेशर गनने जाळीच्या पाकळ्या झोपतात आणि मग हवा जायचीच बंद होते.

फॅन तपासताना

गर्दीतच तापणाऱ्या गाडीसाठी हे आधी करा. इंजिन चालू ठेवून एसी लावा, फॅन फिरला पाहिजे. मग एसी बंद करून गाडी उभीच तापू द्या आणि काटा मधल्या खुणेच्या आसपास आला की फॅन स्वतःहून लागतो का बघा. लागला नाही तर इंजिन बंद, चावी ऑन ठेवून रेडिएटरजवळच्या फॅन स्विचचा सॉकेट काढा. दोन वायरींचा असेल तर त्या दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडा. हात, ओढणी, बाही पात्यांपासून लांब ठेवा, कारण फॅन लगेच सुरू होऊ शकतो. असं केल्यावर फिरला तर मोटर चांगली आहे, स्विच गेलाय. नाही फिरला तर फ्यूज, रिले आणि मोटर बघा. मोटरवर पान्याच्या दांड्याने हलकेच ठोकल्यावर फिरायला लागली तर आतले कार्बन झिजलेत, थोड्याच दिवसांत ती पूर्ण बंद पडेल.

मोटर बदलून घेतली असेल तर पुढच्या जाळीसमोर वर्तमानपत्राचं पान धरून बघा. पान जाळीकडे ओढलं गेलं पाहिजे. दूर ढकललं गेलं तर वायरी उलट्या लागल्यात आणि फॅन उलटा फिरतोय. उभ्या गाडीत तो थोडंफार काम करतो, पण गाडी चालायला लागली की समोरून येणाऱ्या वाऱ्याशीच भांडतो.

‘काढून टाकू’ आणि ‘डायरेक्ट करू’

हे दोन उपाय जवळपास प्रत्येक गॅरेजमध्ये सुचवले जातात आणि दोन्हींना मी ठाम नकार देते.

पहिला, थर्मोस्टॅट काढून टाकणं. ‘आपल्याकडे थंडी कुठे असते, काय करायचाय?’ असं सांगतात. थर्मोस्टॅट फक्त थंडीसाठी नसतो. तो इंजिनला त्याच्या योग्य तापमानाला ठेवतो. काढून टाकला तर डिसेंबरच्या सकाळी, हायवेला, इंजिन गारच राहतं. इंजेक्शनच्या गाडीत कॉम्प्युटरला वाटतं इंजिन अजून गार आहे, आणि तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. ॲव्हरेज पडतं, ऑइलमध्ये पेट्रोल उतरतं, सिलेंडर झिजतात. काही इंजिनांत तर बायपासचा मार्ग उघडा राहून पाणी रेडिएटरला टाळून फिरतं आणि गाडी जास्तच तापते.

थर्मोस्टॅट खराब आहे का हे घरच्या गॅसवर कळतं. त्यावर आकडा कोरलेला असतो, बहुतेक ८२ किंवा ८८. दोऱ्याने बांधून पातेल्यातल्या पाण्यात बुडवा, तळाला टेकू देऊ नका, शेजारी तापमापक धरा. कोरलेल्या आकड्याच्या जवळपास तो उघडायला लागला पाहिजे आणि पाणी उकळेपर्यंत जवळजवळ पूर्ण उघडला पाहिजे. गॅस बंद केल्यावर परत मिटतो का तेही बघा. मी आमचा काढलेला जुना थर्मोस्टॅट घरी आणून असा तपासला तेव्हा तो अगदी व्यवस्थित उघडला आणि मिटला. बदलायची गरजच नव्हती.

दुसरा उपाय, फॅन डायरेक्ट करणं, म्हणजे चावी लावली की फॅन सुरू. याने गर्दीतला त्रास थांबतो खरा, पण मोटर लवकर झिजते, बॅटरी आणि अल्टरनेटरवर कायम भार राहतो, आणि मुख्य म्हणजे खरा दोष झाकला जातो. रस्त्यात स्विच गेला आणि घरी पोचायचंय, तर तेवढ्यापुरतं करा. घरी पोचल्यावर काढा.

हेड गॅसकेटची भीती

पाणी कमी होतं आणि बाहेर कुठेच गळत नाही असं दिसलं की ‘हेड पॅकिंग गेलं’ हा निकाल लगेच ऐकू येतो. कधी तो खरा असतो. पण हेड उतरवणं हे मोठं काम आहे, म्हणून आधी पुरावा मागा.

गार गाडीत झाकण उघडं ठेवून इंजिन चालू करा. सुरुवातीला दोन-चार बुडबुडे येणं ठीक. पण बुडबुडे थांबतच नाहीत आणि रेस दिली की वाढतात, तर सिलेंडरमधला वायू पाण्यात शिरतोय. गार गाडी चालू केल्यावर मिनिट-दोन मिनिटांत वरचा होज टणक होत असेल तर तेच. सायलेन्सरमधून गाडी तापल्यावरही पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहतो. ऑइलच्या डिपस्टिकवर दुधाळ थर दिसतो. फक्त ऑइल भरायच्या झाकणाखाली थोडा पिवळसर फेस असेल तर घाबरू नका. पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत बाष्पामुळे तो येतो, आमच्यातही येतो.

खात्रीसाठी एक रासायनिक चाचणी असते. रेडिएटरच्या तोंडावरची हवा निळ्या द्रावणातून ओढतात. जळलेला वायू असेल तर द्रावण पिवळं होतं. ही चाचणी आणि कॉम्प्रेशनचे, म्हणजे सिलेंडरमधल्या दाबाचे, आकडे दाखवल्याशिवाय हेड उतरवायला हो म्हणू नका. उतरवलंच, तर नुसतं नवं पॅकिंग टाकून परत बसवू देऊ नका. हेड लेथवाल्याकडे नेऊन सपाट पट्टी आणि फीलर गेजने तपासून घ्या, वाकलं असेल तर फेसिंग करून, म्हणजे घासून सपाट करून, घ्या, आणि बोल्ट टॉर्क पान्याने, ठरलेल्या क्रमानेच आवळलेत ना ते समोर उभं राहून बघा.

सीएनजीची गाडी असेल तर आणखी एक जागा तपासा. गॅस फुगताना खूप गार होतो, म्हणून किटचा रिड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग) गरम ठेवायला इंजिनचं पाणी टी-जोड लावून त्याच्यातून फिरवलेलं असतं. ते दोन पातळ पाइप आणि त्यांच्या क्लिपा जुन्या झाल्या की थेंब-थेंब गळतात. इंजिनच्या उष्णतेने ते पाणी लगेच वाळतं आणि खाली डाग पडत नाही. पांढरट किंवा हिरवट वाळलेली रेघ शोधा.

पुन्हा भरताना

पाण्याला पर्याय नाही म्हणून टाकीचं पाणी भरू नका. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट अर्धं-अर्धं मिसळा, किंवा तयार मिश्रण घ्या. नुसतं घट्ट कूलंट ओतणंही चूक, कारण ते पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही. हिरवं, लाल, निळं या रंगांवर जाऊ नका, रंगाचा सगळ्या कंपन्यांचा मिळून एकच नियम नाही. आधी कुठलं आहे ते माहीत नसेल तर पूर्ण काढून, आत स्वच्छ पाणी खेळवून, मगच नवं भरा.

भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेवा, नाहीतर त्याच्या पाइपांत हवा अडकून बसते. गाडीचं तोंड थोड्या चढावर करून उभी करा, झाकण उघडं ठेवून इंजिन चालू करा, हळूहळू भरत राहा, अधूनमधून वरचा होज हाताने दाबत राहा. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते, तेव्हा पुन्हा भरा. बुडबुडे थांबले आणि हीटरमधून सलग गरम वारा आला की झाकण लावा. दुसऱ्या दिवशी सकाळी गार गाडीत पातळी पुन्हा बघा, पाव लिटर तरी बहुतेक वेळा लागतंच.

काढलेलं जुनं कूलंट गटारात किंवा रस्त्याच्या कडेला ओतू नका. ते चवीला गोड असतं आणि विषारी असतं. गल्लीतली कुत्री-मांजरं ते चाटतात आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. कॅनमध्ये भरून, बूच लावून, जुनं ऑइल जिथे गोळा करतात अशा गॅरेजमध्ये द्या. खाली सांडलं असेल तर भरपूर पाण्याने धुऊन टाका.

आमची गाडी या मे महिन्यात चार वेळा बोपदेव चढली, त्यातली दोनदा भर दुपारी, चौघं आणि एसीसह. काटा अर्ध्याच्या खालीच राहिला. सासवडहून परतल्यावर दुसऱ्या सकाळी मी बॉनेट उघडते, वरचा होज गोल आहे ना ते बघते, झाकण काढून पातळी बघते, आणि बॉटलच्या नळीवरून एकदा बोट फिरवते. दोन मिनिटं लागतात. वही अजून गाडीतच आहे, आणि शेवटची नोंद मार्चमधली आहे.